देहातील किरण आणि मानवी जबाबदारी

किरणोत्सर्ग हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते, चेर्नोबिल उभे राहते, तारापूरची उंच धुरांडी उभी राहतात. स्वतःचा देह मात्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. वस्तुतः हे वाक्य वाचणाऱ्या प्रत्येकाच्या देहात या क्षणी हजारो अणू फुटत आहेत. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचा ठोका यांसाठी ते अत्यावश्यक आहे. या पोटॅशियमचा एक अगदी अल्प अंश, म्हणजे दहा हजार अणूंमागे एखादाच अणू, किरणोत्सर्गी असतो. त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. एका सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला शास्त्रज्ञ एक बेकरेल म्हणतात. त्या मापाने आपल्यापैकी प्रत्येकाच्या देहात केवळ पोटॅशियममुळे सुमारे ४,४०० बेकरेल असतात. किरणोत्सर्गी कार्बनचे आणखी तीन हजारांवर असतात. मासळीतून येणारे पोलोनियम आणि हाडांत साचणारे किंचित रेडियम हे वेगळेच.

हे पोटॅशियम-४० पृथ्वीपेक्षाही जुने आहे. ते ताऱ्यांच्या पोटात घडले आणि पृथ्वी आकाराला आली तेव्हा तिच्या मातीत मिसळले. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षांचे असल्यामुळे ते अजून संपलेले नाही. मातीतून ते पिकात येते आणि पिकातून आपल्यात. पोटॅशियम हे नावच मुळी ‘पोटॅश’वरून आले, पूर्वी लाकडाची राख भांड्यात उकळून ते काढीत असत. राखेच्या बुधवारी झावळ्यांची जी राख आपल्या कपाळावर लावली जाते, तिच्यातही हेच पोटॅशियम आहे आणि त्यातले किरणही आहेत. आपण मातीचे आहोत ही शिकवण आपण श्रद्धेने ऐकत आलो. किरणे मोजणारे यंत्र तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगते.

हे यंत्र कसे काम करते हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण आमचा पुढचा सारा विचार त्यावर आधारलेला आहे. संपूर्ण देहाची किरणे मोजणारे हे यंत्र क्ष-किरणांच्या यंत्रासारखे नसते. ते आपल्या अंगात काहीही सोडत नाही. माणसाला जाड शिशाच्या किंवा पोलादाच्या आडोशात उभे करतात वा आडवे झोपवतात आणि त्याच्याजवळ सोडियम आयोडाइडचा स्फटिक ठेवतात. देहातून निघालेला गॅमा किरण स्फटिकावर आदळला की त्यात क्षीण प्रकाश चमकतो. त्या प्रकाशाची मोजदाद होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची ऊर्जा ठरलेली असते. पोटॅशियम-४०ची १,४६० एकक, तर सीझियम-१३७ची ६६२. त्यामुळे काही मिनिटांतच यंत्र सांगू शकते की या देहात निसर्गाचे किती आहे आणि माणसाने निर्माण केलेले किती. निसर्गात सीझियम-१३७ जवळजवळ नसतेच. ते युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे बॉम्ब आणि अणुभट्टी यांतून येते. ज्याच्या देहात ते सापडले, त्याच्या अन्नात कोणाच्या तरी कृतीचा अंश उतरला आहे हे निश्चित.

या यंत्राभोवतीच्या आडोशाचीही एक विलक्षण कथा आहे. १९४५ नंतर वातावरणात अणुबॉम्बचे अवशेष पसरले आणि पोलाद तयार करताना वापरल्या जाणाऱ्या हवेबरोबर ते नव्या पोलादातही शिरले. त्यामुळे अतिसूक्ष्म मोजमापासाठी १९४५ पूर्वीचे पोलाद शोधावे लागले. स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो येथे १९१९ साली जर्मन आरमाराने आपल्या युद्धनौका स्वतःच बुडविल्या होत्या. त्यांचे पोलाद समुद्रतळातून काढून अशा कामासाठी वापरले गेले. माणसाचा देह किती दूषित झाला हे पाहण्यासाठी, दूषित न झालेला धातू समुद्राच्या तळाशी शोधावा लागावा, याहून त्या काळाचे बोलके चित्र दुसरे कोणते?

जे यंत्राला दिसत नव्हते, ते मुलांच्या दातांनी सांगितले. स्ट्राँशियम-९० हे द्रव्य गॅमा किरण सोडत नाही, म्हणून देहाबाहेरून ते मोजता येत नाही. परंतु ते कॅल्शियमसारखे वागते. गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. १९५८ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात शास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक यांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास आरंभ केला. पुढील बारा वर्षांत सुमारे तीन लाख दात जमले. १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियमचे प्रमाण १९५० मध्ये जन्मलेल्यांच्या तुलनेत सुमारे पन्नास पट आढळले. ही मुले कोणत्याही युद्धात नव्हती. बॉम्बच्या चाचण्या तर हजारो मैल दूर, वाळवंटांत आणि बेटांवर झाल्या होत्या. उत्तर ध्रुवाजवळच्या फिनलंडमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या देहांत १९६०च्या दशकात सीझियमचे दहा हजारांहून अधिक बेकरेल मोजले गेले. पावसाबरोबर पडलेले सीझियम तेथील दगडफुलाने शोषले, दगडफूल रेनडिअरांनी खाल्ले आणि रेनडिअरचे मांस या लोकांनी. बॉम्बशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा जमातीच्या देहात त्याचा अंश सर्वांत अधिक साठला.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो मुळीच टाकाऊ नाही. आक्षेपक म्हणतात, देहात निसर्गाचेच सात-आठ हजार बेकरेल असताना माणसाच्या चार-दोन बेकरेलांचा एवढा गवगवा कशाला? केळ्यातही पंधराएक बेकरेल असतातच की! केरळच्या किनाऱ्यावर चवरा आणि नींदकरा परिसरात मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. तेथील जवळजवळ सत्तर हजार रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. त्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मग भीती कसली?

या आक्षेपात जेवढे सत्य आहे तेवढे मान्य केलेच पाहिजे. देहाला निसर्गाचा किरण आणि माणसाचा किरण यांतला भेद कळत नाही. पेशीला होणारी इजा किरणाच्या ऊर्जेवर, त्याच्या प्रकारावर आणि तो कोणत्या अवयवात फुटतो यावर ठरते. अल्प प्रमाणात जे आहे त्याचा धोकाही अल्पच असतो. हे लपवून लोकांना घाबरविणे म्हणजे असत्याचीच सेवा होय. केळ्याच्या उदाहरणात मात्र एक गफलत आहे. आपण केळी अधिक खाल्ली म्हणून देहातील पोटॅशियम वाढत नाही. देह त्याचा समतोल राखतो आणि जादा असेल ते मूत्रावाटे बाहेर टाकतो. सीझियम पोटॅशियमच्याच वाटेने देहात शिरते, पण त्याच्यासाठी असा कोणताही समतोल ठरलेला नाही. जेवढे अन्नातून येत राहील, तेवढे साठत राहील. येणे थांबले, तर प्रौढाच्या देहातून त्यातील निम्मे जाण्यास सुमारे शंभर दिवस लागतात.

परंतु आम्हांस येथे शास्त्रातील चूक दाखवायची नाही. आक्षेपकांचे सारे आकडे अचूक आहेत असे मानले तरी त्यांचा निष्कर्ष चुकतो, असे आम्हांस वाटते. एक साधे उदाहरण घेऊ. समुद्राजवळच्या वाडीतील विहिरीचे पाणी उन्हाळ्यात थोडे मचूळ होते. ते समुद्राचे देणे आहे. त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नाही. आता समजा, एखादा शेजारी रात्री येऊन त्याच विहिरीत मूठभर मीठ टाकून गेला. समुद्राच्या मिठापुढे त्याची मूठ ती काय! पाण्याची चवही बदलणार नाही. तरी सकाळी वाडीतील माणसे त्याच्या दारी जाऊन उभी राहतील आणि विचारतील, “बाबा रे, तू कोणाला विचारून टाकलेस?” ‘समुद्र याहून अधिक टाकतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. समुद्राला कोणी प्रश्न विचारीत नाही, माणसाला विचारतात. धोका किती, हा एक प्रश्न आहे. उत्तरदायी कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा मिटवता येत नाही.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. निसर्गाकडून जगातील सरासरी माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. आपल्या देशात अणुऊर्जेच्या उद्योगांमुळे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या मात्रेवर वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. ही मर्यादा निसर्गाच्या मात्रेहून कमी आहे आणि तिच्यात निसर्गाचा वाटा धरला जात नाही. ‘निसर्ग २.४ देतो, मग आम्हीही तेवढे देऊ’ असे म्हणण्याची मुभा कायदा देत नाही. माणसाच्या कृतीचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा लागतो.

या विचाराची कसोटी उलट्या बाजूनेही पाहिली पाहिजे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने निदान आणि उपचार होत आले आहेत. कंठग्रंथीच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन देतात, तेव्हा एखाद्या आईच्या देहात एका वेळी शंभर कोटींहून अधिक बेकरेल उतरतात. काही दिवस तिला आपल्या लेकराला मांडीवर घेता येत नाही. निसर्गाच्या आठ हजारांपुढे हा आकडा केवढा प्रचंड! तरीही येथे अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. तिला समजावून सांगितलेले असते, तिने होकार दिलेला असतो, उपचार तिच्याच जीवासाठी असतो आणि तिला काही झाले तर उत्तर द्यायला डॉक्टर समोर उभा असतो. म्हणजे आकडा लहान असूनही अन्याय होऊ शकतो आणि आकडा प्रचंड असूनही न्याय राहू शकतो. नैतिकतेचा काटा बेकरेलांवर फिरत नाही. तो संमती, हेतू आणि उत्तरदायित्व या तिहींवर फिरतो.

ही तीन पथ्ये मोजणाऱ्यालाही लागू आहेत. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. वाऱ्याने तिची पांढरी राख रोंगेलॅप बेटावर पडली. सुमारे दोन दिवसांनी तेथील लोकांना हलविण्यात आले आणि १९५७ मध्ये बेट आता राहण्याजोगे आहे असे सांगून परत आणण्यात आले. त्यानंतर दरवर्षी डॉक्टर येत, रक्त नेत, मूत्र नेत. वजनदार पोलादी खोली जहाजातून आणून त्यांचे देह मोजत. परतल्यानंतर बेटावरील अन्न खाऊन त्यांच्या देहांतील सीझियम कित्येक पटींनी वाढत गेले. या लोकांचे तेथे राहणे मानवावरील किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी मोलाचे ठरेल, अशा आशयाचे विधान त्या काळच्या शास्त्रीय अहवालात छापले गेले आहे. अखेर १९८५ मध्ये त्या लोकांनी स्वतःच बेट सोडले. त्यांना नेण्यासाठी ग्रीनपीस संघटनेचे जहाज आले होते. मोजमाप अचूक होते. परंतु ज्याचा देह मोजला, त्याच्यासाठी ते नव्हते. आजाऱ्याची नाडी पाहावी, वहीत लिहून घ्यावी आणि औषध न देता निघून जावे, तसाच हा प्रकार झाला.

दुसरी घटना ब्राझीलमधील गोइयानिया शहराची. सप्टेंबर १९८७ मध्ये तेथील एका ओसाड दवाखान्यातून कर्करोगावरील उपचाराचे जुने यंत्र दोघांनी भंगारासाठी उचलून नेले. आतील सीझियमची भुकटी अंधारात निळसर चमके. ती कौतुकाने घरोघर वाटली गेली. सहा वर्षांच्या एका मुलीने तिच्याशी खेळून त्याच हातांनी जेवण केले. तिच्या देहात सुमारे शंभर कोटी बेकरेल सीझियम गेले. आकडा पाहा, आयोडीन घेतलेल्या त्या आईच्या आकड्याच्या जवळपासचाच. परंतु तिथले द्रव्य आठ दिवसांत निम्मे होणारे होते आणि बरेचसे देहाबाहेर जाणारे. इथले साऱ्या देहात पसरून महिनोन्महिने जाळणारे. शिवाय इथे कोणी काही सांगितले नव्हते, कोणी विचारले नव्हते आणि उत्तर द्यायलाही कोणी उभे नव्हते. ती मुलगी आणि आणखी तिघे काही आठवड्यांतच दगावले.

त्या शहरात एक लाखाहून अधिक लोकांना क्रीडांगणात नेऊन तपासले. २४९ जणांच्या अंगावर वा अंगात सीझियम सापडले. ज्यांच्या अंगात ते अधिक होते, त्यांना प्रशियन ब्लू नावाचे औषध देण्यात आले. ते आतड्यात सीझियमला धरून बाहेर नेते. इथवर मोजणी ही दयेची कृती होती. परंतु पुढे काय झाले? त्या शहरातून आलेल्यांना इतरत्र हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. त्या राज्याच्या गाड्यांवर दगड पडले. आपण स्वच्छ आहोत अशी प्रमाणपत्रे हजारो लोकांना सरकारकडून घ्यावी लागली. आणि त्या सहा वर्षांच्या मुलीची शिशाची शवपेटी दफनभूमीत आणली तेव्हा जमावाने तिच्यावर दगड-विटा फेकल्या. बहुसंख्येने कॅथॉलिक असलेल्या देशात एका बालिकेच्या अंत्ययात्रेवर हे घडले. अस्पृश्यता म्हणजे काय, हे आपल्या मातीला शिकवावे लागत नाही. कुष्ठरोग्याला हात लावणारा प्रभू आपण वेदीवर पाहतो. तरीही यंत्राच्या एका आकड्याने शेजाऱ्याला कुष्ठरोगी ठरविले, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहू, हा प्रश्न आपण आपल्या धर्मग्रामात विचारून पाहिला पाहिजे. ज्याने दूषित केले त्याचे नाव कोणी घेत नाही. जो दूषित झाला त्याला दगड मिळतात.

तिसरी घटना मन हलके करणारी आहे. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर जपानमध्ये हजारो लोकांचे देह मोजण्यात आले. बहुतेकांच्या देहांत यंत्राला दिसण्याइतके सीझियम आढळले नाही. लहान बालकांची वेगळी मोजणी शास्त्राच्या दृष्टीने फारशी आवश्यक नव्हती. बालकाच्या देहातून सीझियम प्रौढापेक्षा लवकर बाहेर पडते. घरात सर्वांचे अन्न एकच असेल, तर आई-वडिलांचे मोजमाप पुरेसे होते. परंतु मातांची मागणी होती, “आमच्या बाळाचे मोजा.” तेव्हा तान्ह्या मुलांना खेळणे घेऊन स्वस्थ पडता येईल असे एक यंत्र २०१३ मध्ये मुद्दाम बनविण्यात आले. पुढे २,७०० हून अधिक बालके मोजली गेली आणि एकाच्याही देहात सीझियम दिसले नाही. शास्त्राला नवीन काहीच कळले नाही, असे कोणी म्हणेल. परंतु डॉक्टर त्या आईशेजारी बसला, तिला मुलाला काय खायला देते ते विचारले आणि आकडा तिच्या भाषेत समजावून सांगितला. रोंगेलॅपमध्ये माणूस यंत्रासाठी होता. येथे यंत्र माणसासाठी झाले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ मध्ये वीज देण्यास आरंभ केला आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र तर मुंबईच्या कुशीतच आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांचे देह मोजले जातात. नियमाने त्यांच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. ते आपले शेजारी असतील, आपल्याच मिस्सेला येत असतील. वीज आपण वापरतो आणि तिची किंमत त्यांच्या देहात मोजली जाते. म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरणे आपले कर्तव्य ठरते. ज्याचा देह मोजला, त्याला त्याचा आकडा त्याच्या भाषेत कळला पाहिजे, मग तो कायम नोकरीवर असो वा कंत्राटी मजूर असो. त्या आकड्यामुळे त्याची रोजी वा त्याच्या मुलीचे लग्न अडता कामा नये. आणि आकडा वाढला, तर त्याचे उत्तर त्याच्याकडे न मागता ज्याच्या हातून ते घडले त्याच्याकडे मागितले गेले पाहिजे.

११ एप्रिल १९६३ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी पृथ्वीवरील शांतीविषयीचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले. अण्वस्त्रांवर बंदी यावी अशी मागणी करतानाच, नुसत्या चाचण्या चालू राहिल्या तरी पृथ्वीवरील जीवसृष्टीला गंभीर धोका संभवतो, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. त्याच वर्षी ५ ऑगस्टला अमेरिका, सोव्हिएत रशिया व ब्रिटन यांनी वातावरणातील चाचण्या थांबविणाऱ्या करारावर सह्या केल्या. फ्रान्सने अशा चाचण्या १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत चालू ठेवल्या. पण बव्हंशी चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि मुलांच्या दातांतील स्ट्राँशियम उतरू लागले. निसर्गाचे पोटॅशियम मात्र कोणत्याही कराराने उतरले नसते. आमच्या मते या साऱ्या विवेचनाचे सार येथे आहे. जे सह्या करून कमी करता येते, ते नशिबाच्या खात्यावर मांडता येत नाही.

काईनाला त्याच्या भावाविषयी विचारले गेले, तेव्हा त्याने आपण भावाचे राखणदार नसल्याची बतावणी केली. देहातील आकडा हा तसाच एक प्रश्न आहे. यंत्र तो प्रश्न काही मिनिटांत मांडते. उत्तर मात्र यंत्राकडे नसते, ते माणसाने द्यायचे असते. देवाने मातीबरोबर जे दिले ते आपण मुकाट्याने स्वीकारतो, कारण ते साऱ्यांना सारखेच आले. माणसाने जे मिसळले, ते कितीही अल्प असो, त्याचा हिशेब त्याच्या नावे लिहिला गेला पाहिजे. आणि ज्याच्या देहात ते सापडले, त्याचा हात आपण निर्भयपणे हातात घेतला पाहिजे.